मुलांची खोली : आधी ओल, मग रंग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मूल बालवाडीत जाऊ लागले की घरोघरी त्याची खोली सजवण्याचा विषय निघतो. पुरवण्यांतल्या आणि मोबाइलवरच्या छायाचित्रांत ही खोली ऐसपैस असते. मुंबईत ती फार तर दहा बाय नऊची असते, आणि पुष्कळ घरांत खोली नसतेच, हॉलचा एक कोपरा असतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारे अख्खे घरच ३०० चौरस फुटांचे; तिथे मुलाच्या वाट्याला खिडकीखालची जागा आली तरी खूप. अशा घरात दहा हजार रुपये हाताशी असतील तर ते कोणत्या क्रमाने खर्चावेत, एवढ्यासाठी हे पत्र. कारण सर्रास दिसते ते उलटे. वॉलपेपर, गाडीच्या आकाराचा पलंग आणि रंग बदलणारी एलईडी पट्टी यांत पैसे संपतात; भिंतीची ओल, नुसते टेकवून ठेवलेले कपाट आणि खिडकी जशीच्या तशी राहते.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणून रंगाचा डबा आणण्याआधी भिंत तपासावी. फूटभर लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर हवेतला दमटपणा भिंतीवर बसतो आहे. या दुसऱ्या प्रकारात वॉटरप्रूफिंगवर पैसे घालवू नयेत. खिडकी उघडी ठेवणे, ओले कपडे त्या खोलीत न वाळवणे आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घेणे यानेच बराच फरक पडतो.

पाणी भिंतीतून येत असेल तर ते कुठून हे ओलीच्या जागेवरून कळते. तळाशी, स्कर्टिंगच्या वर फूट-दीड फूट ओल असेल आणि पलीकडे न्हाणीघर असेल, तर दोष बहुधा तिथल्या फरशीच्या सांध्यांत किंवा न्हाणी ट्रॅपभोवती (सांडपाणी जाण्याच्या जाळीखालचे भांडे) असतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत ओल असेल तर ॲल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यातले सीलंट फाटलेले असते. ते कापून काढून, फट पूर्ण कोरडी करून, बाहेरून नवे वेदरप्रूफ सिलिकॉन भरावे लागते. वरच्या मजल्यांवर हे काम झुला लावून काम करणाऱ्या माणसांचेच; खिडकीतून वाकून कोणी करू नये. छताला पिवळट वर्तुळ असेल तर आधी वरच्या घरातले न्हाणीघर तपासावे. पावसाच्या पाण्याने किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती दुरुस्त करणे हे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचे काम आहे. त्यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या भिंतीचा रंग थांबवावा.

थांबायचे का, तर भिंतीतून बाहेर येणारे पाणी सिमेंट-विटांमधले क्षार घेऊन येते. वाटेत रंगाचा प्लास्टिकसारखा थर किंवा वॉलपेपर आला की त्यामागे पांढरी भुकटी साठते, फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. वॉलपेपरचे तर आणखी वाईट. त्याच्या खळीवर मागच्या बाजूने बुरशी पोसते, ती दिसत नाही, आणि भिंतीला नाक लावून झोपणारे मूल रात्रभर तीच हवा घेते. मुंबईत बाहेरच्या भिंतीला वॉलपेपर लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

फुगलेला गिलावा डागापुरता न काढता डागाच्या पुढे सहा इंचांपर्यंत ठोकून काढावा. नव्या गिलाव्याच्या सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालावे, आठवडाभर पाणी मारावे आणि मग तीन-चार आठवडे वाळू द्यावे. सगळी घाई इथेच होते. वरून कोरडा दिसणारा गिलावा आत ओलाच असतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यावरची पुट्टी हातात येते. बाहेरच्या भिंतीवर पीओपी नको, ते ओल धरते आणि भुसभुशीत होते. तिथे पांढऱ्या सिमेंटचीच पुट्टी वापरावी. काळी बुरशी असेल तर एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसून काढावे. त्या वेळी खिडक्या उघड्या आणि मूल शेजारच्या घरी. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

जुन्या चाळींत आणि जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल रंगारी बहुधा काही सांगत नाहीत. घरगुती रंगांमध्ये शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. दारे, खिडक्या, ग्रिल आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्यावर त्याआधी चढलेल्या ऑइलपेंटच्या थरांत शिसे असू शकते. ते कोरड्या काचपेपरने घासले की धूळ जमिनीवर बसते. मूल जमिनीवर खेळते, हात तोंडात घालते. शिसे मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून जुना रंग घट्ट असेल तर खरवडू नये. त्यावर वॉटर पेपर (ओला वापरायचा काचपेपर) पाण्यात भिजवून हलका फिरवावा, प्रायमर द्यावा आणि वरून नवा रंग. पापुद्रे सुटत असतील तर तेवढेच पाणी फवारून ओले करून काढावेत. खाली प्लास्टिक अंथरावे, ते गुंडाळून टाकावे आणि लादी झाडू न मारता ओल्या फडक्याने दोनदा पुसावी. ऑइलपेंटवर प्रायमरशिवाय थेट इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) मारले तर ते चिकटत नाही. लहान मुलाच्या नखानेही त्याची साल निघते.

आता रंगाचा हिशेब. दहा बाय नऊची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. भिंतींचा घेर ३८ फूट, म्हणजे ३४२ चौरस फूट. दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले की ३०५ उरतात. सगळीकडे महाग धुता येणारा रंग लावायची गरज नाही. मुलाचे हात, रंगखडू आणि पाय चार फुटांपर्यंतच पोचतात. जुन्या घरांत भिंतीच्या खालच्या भागाला ऑइलपेंटचा गडद पट्टा असे, त्यामागचा विचार आजही बरोबर आहे. चार फुटांपर्यंतचा पट्टा सुमारे १४० चौरस फुटांचा होतो. त्याला धुता येणारे चांगले इमल्शन घ्यावे. प्रायमर दिलेल्या भिंतीवर लिटरभर रंग दोन हातांत साधारण १०० ते १२० चौरस फूट जातो, म्हणजे एकेक लिटरचे दोन डबे. उरलेला रंग हवाबंद बाटलीत भरून, वर रंगाचा क्रमांक लिहून ठेवावा. वर्षभरात डाग झाकायला लागतोच. वरच्या १६५ चौरस फुटांना साधे, स्वस्त इमल्शन दोन लिटर पुरते. प्रायमर तीन लिटर. भिंत बरी असेल तर पुट्टी फक्त खड्डे आणि भेगा भरायला लागते, पाच किलो पुष्कळ झाली.

पट्ट्याची रेघ वाकडी गेली तर ती वर्षानुवर्षे डोळ्यांत खुपते. लादीवरून टेपने मोजून खुणा करू नयेत, कारण जुन्या घरांची लादी एका पातळीत नसते. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही कोपऱ्यांत पातळी घ्यावी, खडू लावलेली दोरी ताणून आपटावी आणि मग मास्किंग टेप लावावी. टेपच्या कडेवरून आधी भिंतीच्या वरच्या भागाच्याच रंगाचा पातळ हात फिरवावा. फटीतून झिरपायचे ते त्याच रंगाचे झिरपते आणि रेघ स्वच्छ येते. शेवटचा हात अर्धवट ओला असतानाच टेप भिंतीशी तिरकी धरून ओढावी. पूर्ण वाळल्यावर ओढली की टेपबरोबर रंगही येतो.

इमल्शनमध्ये पाणी किती घालायचे ते डब्यावर लिहिलेले असते आणि ते मोजून घालावे. अंदाजाने जास्त पाणी घातले की रंग पुरतो खरा, पण झाकत नाही. तिसरा हात मारावा लागतो आणि भिंत पुसली की खडूसारखा रंग फडक्याला लागतो. दोन हातांमध्ये चार ते सहा तास हवेत. छटा निवडताना खिडकीसमोर काय आहे ते पाहावे. समोर हातभर अंतरावर दुसरी इमारत असेल तर गडद निळा किंवा जांभळा रंग दुपारीही दिवा लावायला लावतो. तिथे वर मोतिया किंवा फिकट पिवळा, आणि मुलाच्या आवडीचा रंग खालच्या पट्ट्याला.

चित्रांचे स्टिकर डिस्टेंपरवर टिकत नाहीत, भुकटीवर गोंद धरत नाही. इमल्शनवर लावायचे तर रंगानंतर किमान दोन-तीन आठवडे थांबावे आणि काढताना केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून काढावेत. लिहायला फळा हवा असेल तर भिंतीऐवजी तीन बाय दोन फुटांच्या प्लायवर फळ्याचा रंग लावावा. तो तीन दिवस वाळला की आडवा धरलेला खडू सगळ्या फळ्यावर घासून पुसून घ्यावा, नाहीतर पहिलीच अक्षरे कायमची उमटतात. मुलाला दम्याचा त्रास असेल तर खडूचा फळा बंद खोलीत नकोच. तपकिरी कागदाचा रोल भिंतीला टांगावा.

रंगानंतरचे पहिले पैसे ड्रिल आणि स्क्रूवर. लहान मूल कपाटाचे खण एकेक उघडून त्यांची शिडी करते, आणि खालचे तीन खण उघडे असले की कपाट पुढे झुकते. प्रत्येक कपाट, खणांचे ड्रॉवर आणि पुस्तकांची मांडणी वरच्या कडेला दोन एल-अँगल लावून भिंतीला आवळलीच पाहिजे. दुकानदाराबरोबर येणारा माणूस ‘जड आहे, पडत नाही’ म्हणतो. त्याचे ऐकू नये. जड असल्यानेच धोका मोठा.

इथे भिंतीचा प्रकार ओळखावा लागतो, कारण मुंबईत एकाच रस्त्यावर चार तऱ्हांच्या भिंती आहेत. जुन्या चाळीत विटेवर चुन्याचा जाड गिलावा असतो. दीड इंची स्क्रू त्या गिलाव्यातच राहतो आणि ओढला की गिट्टीसकट (भोकात बसवायची प्लॅस्टिकची खुंटी) बाहेर येतो. तिथे तीन इंची स्क्रू विटेपर्यंत पोचवावा. खोली लाकडी पार्टिशनची असेल तर फळीत नव्हे, मधल्या उभ्या खांबात स्क्रू घ्यावा. हलक्या, राखाडी एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधी प्लॅस्टिकची गिट्टी जागच्या जागी फिरते. त्यासाठी वेगळ्या लांब गिट्ट्या मिळतात, त्या मागून घ्याव्यात आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) बंद ठेवावा. नव्या टॉवरांतल्या भिंती बहुतेक पूर्ण काँक्रीटच्या असतात. तिथे हॅमर ड्रिलशिवाय बिट आत जात नाही, आणि भिंतीतच विजेच्या नळ्या ओतलेल्या असतात. कोणत्याही घरात स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच रेषेत आडवे भोक पाडू नये. आवळून झाल्यावर कपाटाची वरची कड दोन्ही हातांनी जोरात पुढे ओढून पाहावी. किंचित हलले तरी काम पुन्हा करून घ्यावे.

खिडकी. पलंग, टेबल, ट्रंक, खेळण्यांची पेटी, काहीही खिडकीखाली ठेवू नये. ग्रिलच्या दोन गजांतली फट चार इंचांपेक्षा कमी हवी. आडव्या गजांवर मूल पाय देऊन चढते, म्हणून उभे गज बरे. सरकत्या काचेच्या मोठ्या खिडक्यांना ग्रिल लावायला सोसायटीची हरकत असेल तर आतल्या बाजूने लावावे किंवा खिडकी चार इंचांपेक्षा जास्त सरकू नये असा अडसर तरी बसवावा. जागा कमी म्हणून खिडकीलाच पलंग लावावा लागत असेल, तर बाकीची सगळी सजावट रद्द करून आधी ग्रिल करावे.

जागा वाचवायला दुमजली पलंगाचा विचार सगळेच करतात. नऊ फुटांच्या छताला फूटभर दांडीवर पंखा असला की पाती आठ फुटांवर येतात. वरची गादी पाच फुटांवर आणि मूल साडेतीन फुटांचे. ते उभे राहिले की डोके साडेआठ फुटांवर. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नयेच, आणि नंतरही त्या खोलीत छताचा पंखा काढून भिंतीचा लावावा. लहान वयात खरा काटकसरीचा उपाय म्हणजे जमिनीवर गादी, दिवसा गुंडाळून ठेवायची. पावसाळ्यात ती रोज उचलून उभी करावी. फोमच्या जोडायच्या चटयाही आठवड्यातून एकदा उचलाव्यात, नाहीतर खाली बुरशी धरते.

फर्निचर कमीच करावे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला २६ सेंटिमीटर उंचीची खुर्ची आणि ४६ सेंटिमीटरचे टेबल बसते, आणि दोन वर्षांत ते लहान पडते. त्यापेक्षा मांडी घालून लिहायला घरातला चौरंग चांगला. पुस्तकांच्या फळ्यांसाठी प्लायच्या दुकानात उरलेले तुकडे अर्ध्या किमतीला मागावेत. १८ मिलिमीटर जाडीचे, बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) दर्जाचे आणि आयएस ३०३ या प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेले पाहावे. अडीच फुटांपेक्षा लांब फळी मधल्या आधाराशिवाय ठेवली तर पुस्तकांनी वाकते. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण एका पावसाळ्यात कडा फुगतात आणि स्क्रूची भोके सैल होतात, मग बिजागऱ्या निखळतात. फळ्यांच्या उघड्या कडांना पट्टी लावून घ्यावी.

जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात जुने फर्निचर मिळते आणि ते बरेचदा नव्यापेक्षा दणकट असते. घेताना सांधे, स्क्रूची भोके आणि गादीच्या शिवणी टॉर्चने पाहाव्यात. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. पायांखाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर लाकडात कीड आहे. जुन्या पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) लाकडाची मांडणी करायची असेल तर त्यावरचा छाप वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेले लाकूड, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेले, ते मुलाच्या खोलीत नको. ८०, १२० आणि २२० नंबरचा काचपेपर या क्रमाने घासल्याशिवाय कुसळे जात नाहीत.

पडद्याला विकत काही आणायची गरज नाही. जुनी सुती सहावारी चार फुटी खिडकीच्या दोन पडद्यांना पुरून उरते. नवे कापड मंगळदास मार्केट किंवा हिंदमातावरून घेतले तर शिवायला देण्याआधी एकदा धुवावे, सुती कापड आटते. लोंबती दोरी असलेले ब्लाइंड मुलाच्या खोलीत लावू नयेत, दोरी गळ्याभोवती अडकते. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि ते पटकन पेटतेही.

एलईडी पट्टी लावायचीच असेल तर तिचा छोटा रिमोट मुलाच्या हाती देऊ नये. त्यात नाण्यासारखी चपटी बॅटरी असते आणि तिचा कप्पा नखाने सरकतो. गिळलेली बॅटरी अन्ननलिका दोन तासांत जाळू शकते. संशय जरी आला तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. तेवढे पाहून घ्यावे. सॉकेट शटरवाली घ्यावीत आणि घराच्या मुख्य बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनला विचारावे. नसेल तर दहा हजारांतले काही रुपये तिच्यासाठी काढावेत, पडदे पुढच्या वर्षी झाले तरी चालतील.

ही सगळी कामे ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत करावीत. गणपतीआधी रंग काढायची घाई मुंबईत अनेक घरांत असते, पण त्या दिवसांत भिंत ओली आणि हवाही ओली असते. रंग झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावून, किमान तीन रात्री मुलाला दुसरीकडे झोपवावे.

आपल्या घर-सजावटीच्या पुरवणीत अशा लेखांसोबत खोलीचे माप, भिंतीचा प्रकार आणि कामाचा महिना छापला तर छोट्या घरांतल्या पालकांना त्याचा उपयोग होईल, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
गृहसजावटीच्या कामातील एक वाचक, लालबाग, मुंबई